डुब्रोवनिकच्या जुन्या शहरात गाइडबरोबर फिरताय? या चुका टाळा

क्रोएशियातलं डुब्रोवनिक तटबंदीच्या आत अगदी लहान आहे. स्त्रादुन हा मुख्य रस्ता जेमतेम 300 मीटरचा, एका वेशीतून शिरून पंधरा मिनिटांत दुसरीतून बाहेर पडता येतं. म्हणून आपल्याकडचे बरेच जण विचारतात, एवढ्याशा गावाला गाइड कशाला? फोटो काढू, आइस्क्रीम खाऊ, निघू.

पहिली चूक हीच. स्त्रादुनवरच्या जुन्या दुकानांची दारं बघा. एकाच कमानीत अर्धं दार आणि अर्धी खिडकी असते आणि खिडकीखाली दगडी कट्टा. वाकलेल्या गुडघ्यासारखा आकार दिसतो, म्हणून तिथले लोक त्याला ‘गुडघ्याचं दार’ म्हणतात. दुकानदार आत उभा, गिऱ्हाईक रस्त्यावर, आणि माल कट्ट्यावरून हातात. दोन्ही बाजूंची घरं एकाच ठशाची का, तर 6 एप्रिल 1667 च्या भूकंपात शहर कोसळलं, हजारो माणसं गेली, आणि डुब्रोवनिक तेव्हा स्वतःच एक प्रजासत्ताक होतं, त्याने हा रस्ता एका आराखड्याने पुन्हा बांधला. कुणी बोट दाखवल्याशिवाय यातलं काही दिसत नाही. म्हणून गाइडबरोबरची चालती फेरी मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी घ्या. शेवटच्या दिवशी घेतली, तर आधीचे दिवस नुसत्या भिंती बघण्यात जातात.

भेटण्याची जागा नीट न वाचणं

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. बहुतेक फेऱ्या पश्चिमेच्या वेशीपाशी सुरू होतात. तिचं नाव रोमन लिपीत वाचून आपण ‘पाइल’ म्हणतो, तिथे म्हणतात ‘पिले’. पूर्वेची वेस ‘प्लोचे’. बसच्या चालकाला किंवा रस्त्यातल्या माणसाला विचारताना या उच्चारांनी काम सोपं होतं.

दुसरा घोळ कारंज्याचा. ‘ओनोफ्रिओच्या कारंज्यापाशी या’ असा निरोप असतो आणि त्या नावाची कारंजी दोन आहेत. मोठं, 1438 चं, घुमटाचं, सोळा दगडी मुखांमधून पाणी सोडणारं, ते पिले वेशीतून आत शिरल्यावर लगेच. लहान कारंजं स्त्रादुनच्या दुसऱ्या टोकाला, घंटाघराजवळ. शिवाय वेशीच्या बाहेरच्या चौकात तिसरंच एक कारंजं आहे, त्याला आमेर्लिंगचं म्हणतात. तेव्हा बुकिंगच्या कागदावर मोठं की लहान, वेशीच्या आत की बाहेर, आणि गाइडच्या छत्रीचा रंग कोणता, हे तीन मुद्दे आदल्या रात्री वाचून ठेवा.

क्रूझने आलात तर जहाज बहुधा ग्रूझ बंदरात लागतं. ते जुन्या शहरापासून तीनेक किलोमीटरवर आहे. बस पिलेपर्यंत येते, पण उन्हाळ्यात रस्ता तुंबतो, म्हणून पाऊण तास हातात ठेवा. उशीर झालाच तर गाइडला फोन करून गट कुठे पोचलाय ते विचारा आणि थेट पुढच्या थांब्यावर जा. गट बहुधा स्त्रादुनवरूनच पुढे सरकतो. वेशीपाशी उभं राहून वाट बघाल, तर गट आणखी लांब जाईल.

दुपारची वेळ घेणं

जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी अकरा ते चार या वेळात फेरी घेऊ नका, असं मी ठामपणे सांगेन. आपल्याला उन्हाची सवय आहे, हे मान्य. पण इथे पायाखाली आणि दोन्ही बाजूंना पांढरा चुनखडीचा दगड आहे, तो ऊन परत अंगावर फेकतो. शिवाय जहाजांची गर्दी याच तासांत असते. शहराने आता एका वेळी दोनच जहाजं असा नियम केलाय, तरी एवढ्याशा जागेत तेही पुष्कळ होतं. गाइड बोलत असतो आणि शेजारच्या चार गटांचे गाइडही बोलत असतात. सकाळी आठची फेरी मिळाली तर तीच घ्या, नाहीतर उन्हं उतरल्यावरची. मे महिना किंवा सप्टेंबरची अखेर साधली, तर त्याहून उत्तम.

पाण्याची बाटली मात्र विकत घेत बसू नका. मोठ्या कारंज्याच्या मुखांतून येणारं पाणी पिण्याजोगं आहे. पंधराव्या शतकात सुमारे 12 किलोमीटरवरच्या झऱ्यांवरून कालव्याने पाणी आणून हे कारंजं बांधलं गेलं. बाटली तिथे भरताना ही गोष्ट आठवावी, इतकी ती मोठी आहे.

पायांकडे दुर्लक्ष

स्त्रादुनचा दगड शेकडो वर्षांच्या पावलांनी घासून आरशासारखा झालाय. कोरडा असताना सुंदर दिसतो, ओला असताना घसरतो. गुळगुळीत तळाच्या चपला, कोल्हापुरी, नवे कोरे बूट हे सगळं खोलीवर ठेवा. रबरी तळाचे, वापरून सैल झालेले बूट घाला. पाऊस आला तर अरुंद गल्ल्यांत छत्री उघडायला जागा नसते, रेनकोट बरा.

घरातली मोठी माणसं बरोबर असतील, तर बुकिंग करतानाच एक प्रश्न विचारा: पायऱ्या किती? दीड तासाच्या साध्या फेरीचा बराचसा रस्ता सपाट असतो, पण काही गाइड शेवटी जेझुइट चर्चच्या जिन्यावर नेतात. तो 1738 चा, रुंद आणि देखणा जिना आहे, पण दुखऱ्या गुडघ्यांना जड जातो. स्त्रादुनच्या उत्तरेच्या गल्ल्या तर सरळ जिनेच आहेत. आईला घेऊन गेलो तेव्हा मी हे विचारलं नव्हतं. अर्ध्या जिन्यावर तिने कठड्याला हात टेकला, आणि पुढचा अर्धा तास माझं लक्ष गाइडपेक्षा तिच्या चेहऱ्याकडेच होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रेक्टरच्या, म्हणजे इथल्या जुन्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्याच्या ओवरीतल्या दगडी बाकावर निवांत बसलो, आणि तिला शहर तिथेच भेटलं. वयस्कर माणसांसाठी गाइडला आधीच सांगून अशा सावलीच्या बाकांवरचे थांबे ठरवून घेता येतात.

कानात कुजबुजत भाषांतर करणं

ही खास आपल्या कुटुंबांची अडचण आहे आणि तिच्यावर कुणी लिहीत नाही. गाइड इंग्रजीत बोलतो, तेही भराभर. आई-बाबांना इंग्रजी कळतं, पण उच्चार नवे, नावं नवी. मग मुलगा किंवा सून वाक्यावाक्याला मराठीत सांगत राहते. ऐकणाऱ्याचं पुढचं वाक्य हुकतं, सांगणाऱ्याचंही हुकतं, आणि शेजारचे लोक वैतागतात.

उपाय सोपा आहे. आदल्या संध्याकाळी अर्धा तास बसून चार-पाच गोष्टी मराठीत सांगून ठेवा. हे शहर रागुसा नावाचं व्यापारी प्रजासत्ताक होतं आणि ते 1808 मध्ये नेपोलियनच्या सैन्याने संपवलं. त्याचा प्रमुख, म्हणजे रेक्टर, एका वेळी फक्त एक महिना पदावर असे, आणि त्या महिन्यात सरकारी कामाशिवाय राजवाड्याबाहेर पडायची त्याला मुभा नसे. सभागृहाच्या दारावर लॅटिनमध्ये कोरलंय, ‘खासगी गोष्टी विसरा, सार्वजनिक कामं पाहा’. स्पोंझा राजवाड्यात जकातीचं ठाणं होतं. तिथल्या कमानीवर, जिथे माल तोलला जाई, लिहिलंय की आमची वजनं ना फसवू देतात ना फसू देतात, आणि मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलतो. आईने हे वाक्य माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

घंटाघरासमोरच्या चौकात रोलांड या मध्ययुगीन सरदाराचा पुतळा कोरलेला दगडी स्तंभ आहे, 1418 चा. त्या पुतळ्याचा कोपरापासून पुढचा हात हे शहराचं कापड मोजायचं माप होतं, 51.2 सेंटिमीटर. त्याला तिथे ‘लाकात’ म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थच कोपर. आपल्याकडे हातावर कापड मोजत, तसंच. असं काही आधी कानावर पडलेलं असलं, की गाइडचं इंग्रजी आपोआप उलगडतं. चार-सहा जण असाल, तर खासगी गाइड घेऊन सावकाश बोलायला सांगणं मला सगळ्यात योग्य वाटतं.

फक्त मालिकेच्या जागा मागणं

इथे एका गाजलेल्या इंग्रजी मालिकेचं चित्रीकरण झालं आणि त्यासाठीच्या वेगळ्या फेऱ्या आहेत. आवड असेल तर ती जरूर घ्या. पण इतिहासाच्या फेरीत येऊन प्रत्येक चौकात ‘तो प्रसंग कुठला’ असं विचारत राहिलं, की गाइडही तेच सांगू लागतो आणि बाकीच्यांचा इतिहास बुडतो. बुकिंग करताना वर्णन वाचा. काही फेऱ्यांत दोन्हींची भेळ असते आणि मग धड काहीच हाती लागत नाही.

विचारायचंच असेल तर 1377 बद्दल विचारा. साथीच्या भागातून येणाऱ्यांना आणि मालाला तीस दिवस बाहेर थांबवायचा कायदा या शहराने त्या वर्षी केला. कोरोनात आपण जो ‘क्वारंटाइन’ शब्द रोज ऐकला, त्या पद्धतीचा हा सगळ्यात जुना ज्ञात कायदा. नंतर बांधलेली विलगीकरणाची घरं, लाझारेती, प्लोचे वेशीच्या बाहेर अजून उभी आहेत. बहुतेक फेऱ्या तिथे जात नाहीत, तुम्ही जा. फ्रान्सिस्कन मठातल्या 1317 च्या औषधालयाबद्दल विचारा. 1416 मध्येच गुलामांच्या व्यापारावर बंदी कशी आली, तेही विचारा.

आणि संत व्लाहो, म्हणजे सेंट ब्लेझ, याच्या मूर्ती मोजा. वेशींवर, बुरुजांवर, चर्चच्या माथ्यावर तो दिसतो, बऱ्याच ठिकाणी हातावर शहराची छोटी प्रतिकृती घेऊन. 3 फेब्रुवारीला त्याचा उत्सव असतो. गोव्यातल्या वाचकांना हा अनोळखी नाही. जुन्या गोव्याजवळ गवंडाळीला सांव ब्रासचं चर्च आहे, ते याच संताचं, आणि त्याचं नातं डुब्रोवनिकच्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांशी सांगितलं जातं.

पैशांचे गैरसमज

‘फ्री वॉकिंग टूर’ म्हणजे फुकट नव्हे. तिथे गाइडची कमाई शेवटी दिलेल्या पैशांवरच असते. फेरी संपत आली की मागच्या मागे सटकणारे लोक मी पाहिलेत, आपले लोकही पाहिलेत, आणि त्याचं वाईट वाटतं. माझ्या मते दीड तास मन लावून बोललेल्या माणसाला माणशी दहा युरो द्यावेत. जानेवारी 2023 पासून इथे युरो चालतो, जुने कुना चालत नाहीत.

बहुतेक फेऱ्यांत तटबंदी येत नाही, तिचं तिकीट वेगळं आणि महाग आहे. ते घेण्याआधी ‘डुब्रोवनिक पास’ची किंमत बघा. पासात तटबंदी, काही संग्रहालयं आणि शहर बस येते, आणि गेली काही वर्षं एका दिवसाच्या पासाची किंमत तटबंदीच्या तिकिटाच्या आसपासच राहिली आहे.

युद्धाबद्दल घाईत विचारणं

गाइड चाळिशीपुढचा असेल, तर युगोस्लाव्हिया फुटतानाच्या युद्धातला 1991 चा वेढा त्याच्या स्वतःच्या आठवणीतला असू शकतो. त्या वर्षी 1 ऑक्टोबरला हल्ला सुरू झाला आणि 6 डिसेंबरला सर्वांत भयंकर तोफमारा झाला. जुन्या शहरातल्या दोन-तृतीयांशाहून अधिक इमारतींना मार बसला. युनेस्कोच्या यादीत 1979 पासून असलेलं हे शहर 1998 पर्यंत धोक्यातल्या वारशांच्या यादीत होतं. वेशीपाशी एक नकाशा लावलाय, कुठल्या छपरावर काय पडलं ते दाखवणारा. लोक त्याच्याकडे पाठ फिरवून सेल्फी काढतात. तसं करू नका. फेरी सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं तो नकाशा वाचा, आणि विचारायचं असेल ते गर्दीत ओरडून न विचारता फेरी संपल्यावर विचारा. कुणी सांगतं, कुणी सांगत नाही. दोन्ही ठीक आहे.

तटबंदीवर फेरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच चढा. लांबी 1,940 मीटर, पायऱ्या हजाराच्या आसपास, सावली जवळजवळ नाही, आणि चालायची दिशा एकच, त्यामुळे मागे फिरता येत नाही. वर पोचलात की समुद्राकडे बघण्याआधी खाली छपरांकडे बघा. भडक केशरी कौलं म्हणजे युद्धानंतर बदललेली. फिकट, पिवळट, एकमेकांशी रंग न जुळणारी म्हणजे जुनी. जुनी मोजायला लागा, फार थोडी सापडतील.