मोगऱ्याच्या तेलाचा लॉट बदलला आणि आकाशी मेणबत्त्या पिस्ता झाल्या

मेण कसं वितळवायचं, वात कशी निवडायची, किती टक्के तेल घालायचं, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मी लिहितेय ते फक्त सुगंधी तेलाच्या रंगाबद्दल. माझी पहिली मोठी दिवाळीची ऑर्डर त्यापायी हातची जायची वेळ आली होती आणि ते दिवस आठवले की अजूनही पोटात कालवतं.

ऑर्डर हिंजवडीतल्या एका ऑफिसची, २०० ग्लासांची. प्रत्येकात १५० ग्रॅम सोया मेण, वास मोगऱ्याचा, रंग फिका आकाशी. म्हणजे ३० किलो मेण आणि ८ टक्क्यांनी २ किलो ४०० ग्रॅम तेल. घरात एक किलोची बाटली होती, तिच्यात ८० ग्लास झाले. बाकीचं दीड किलो रविवार पेठेतून आणलं. दुकान तेच, लेबल तेच. उरलेले १२० ओतले आणि झोपले. सकाळी ओट्यावर बघते तर ८० आकाशी आणि १२० चक्क पिस्ता.

तेलावर माझा संशयच गेला नाही. आधी वाटलं रंगाचे थेंब चुकले. मग वाटलं मेण जास्त तापलं. दहा ग्लास परत वितळवून ओतले, तरी पिस्ताच, वर वास उडाला तो वेगळाच. यात चार दिवस गेले. शेवटी दोन पांढऱ्या वाट्यांत दोन्ही बाटल्यांतलं चमचा-चमचा तेल काढून खिडकीशी नेलं. पहिलं पाण्यासारखं, दुसरं पातळ मधासारखं पिवळं. निळ्यात पिवळं पडलं की हिरवं होणारच!

दुकानदार म्हणाले, "ताई, तेल तेच आहे, लॉट बदललाय. वास घेऊन बघा." वास खरोखर तोच होता. तेव्हा मी त्यांच्याशी भांडले, पण आज म्हणेन की त्यांनी फसवलं नव्हतं. तेल बनवणारे प्रत्येक लॉटचा, म्हणजे एका वेळी बनवलेल्या तेलाचा, वास जुळवतात, रंग जुळवायचं वचन सहसा कुणी देत नाही. संत्र्याचं किंवा पचौली या सुगंधी झाडाचं नैसर्गिक तेल पिकाप्रमाणे गडद-फिकं येतं. मोगऱ्याचं तर आणखी वेगळं. त्या वासात बऱ्याचदा मिथाइल अँथ्रानिलेट नावाचं रसायन असतं. ते मिश्रणातल्या अल्डिहाइडांशी (ही पण वासाचीच रसायनं) हळूहळू जुळून शिफ बेस नावाचा नवा पदार्थ तयार करतं आणि तो गर्द पिवळा असतो. शिवाय इंडोल हे मोगऱ्याच्या वासातलं दुसरं रसायन असेल तर हवा-उजेडानं लालसर छटा येते. बाटली जितकी जुनी तितका रंग चढत जातो. म्हणून गडद तेल दिसलं की खराब आहे असं समजून घाबरू नका.

आता खरा सापळा, ज्यात मी त्यानंतरही सापडले. वरच्या प्रकारानंतर मी दुकानात बाटल्या उजेडात धरून फिकं तेल निवडायला लागले आणि स्वतःला हुशार समजले. असंच एक फिकं व्हॅनिला आणलं. ओतलं तेव्हा मेणबत्त्या दुधासारख्या पांढऱ्या, तीन आठवड्यांनी चहासारख्या. व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं रसायन, मुळात पांढरी भुकटी असते, त्यामुळे तेलात ते दिसत नाही. हवा आणि उजेड लागत गेला की तपकिरी होतं. बाटलीतला रंग म्हणजे मेणबत्तीचा रंग नव्हे. एखादं गडद तेल ८ टक्क्यांत जेमतेम दिसेल आणि एखादं पाण्यासारखं तेल महिन्याभरात तुमचा पांढरा रंग घालवेल. बाटली बघून ठरवू नका, मेणात घालून आणि दिवस जाऊ देऊन ठरवा.

म्हणून प्रत्येक नव्या लॉटच्या दोन ट्रायल करा. १०० ग्रॅम मेणात ८ ग्रॅम तेल, एक बिनरंगाची, एक तुमच्या रंगाची. दोन्हींचा अर्धा भाग फॉइलनं झाकून खिडकीत ठेवा आणि पहिल्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी जुन्या लॉटच्या मेणबत्तीशेजारी धरून बघा, तेही दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइटखाली मला काहीच कळलं नव्हतं. सोया मेणाचा वास मुरायला दोन आठवडे लागतातच, त्यामुळे हा वेळ काही वाया जात नाही.

ऑर्डर मोठी असेल तर सगळं तेल एकाच लॉटचं घ्या, लॉट नंबर वहीत लिहा आणि २० मिली नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत राखून ठेवा. दोन लॉट वापरावेच लागले तर पहिला ग्लास ओतायच्या आधी दोन्ही एका कॅनमध्ये मिसळा.

मी जिथे एका दिवसाचा वर्ग केला तिथे सांगितलं होतं की रंग बिघडला तर थोडं टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे पांढऱ्या रंगाची पूड, घाला. कृपया नका घालू. ते मेणात विरघळत नाही, वातीत अडकतं आणि ज्योत गुदमरते. यूव्ही स्टॅबिलायझरनं (मेणात घालायचं, उजेडापासून रंग जपणारं रसायन) उजेडात रंग उडणं कमी होतं, व्हॅनिलिनचा तपकिरीपणा थांबत नाही. माझं तर मत झालंय की जो शिकवणारा स्वतःची लॉटची वही दाखवत नाही, त्याच्याकडे फी भरू नये.

त्या ऑर्डरचं म्हणाल, तर मी ऑफिसच्या मॅडमना फोन करून जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. दोन्ही रंगांचे ग्लास घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आकाशी आणि पिस्ता जोडीनं द्यायचं ठरवलं. चाळीस पिस्ता उरले, ते कमी भावात गेले. नफा राहिला नाही, पण पुढच्या वर्षी फोन त्यांचाच आला.

यंदाचं साडेतीन किलो तेल एकाच लॉटचं आणून ठेवलंय. ट्रायल स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, आज तिचा नववा दिवस. फॉइलखालच्या आणि उघड्या बाजूत अजून तरी फरक दिसत नाही.