मॉनिटर बदलायचा विचार करताय? आधी या चुका टाळा

अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करणं, ही सगळ्यांत जास्त वेळा होणारी चूक, आणि चित्राची सगळ्यांत जास्त वाटही तिच्यामुळेच लागते. सपाट पडद्यातले पिक्सेल मोजून बसवलेले असतात. १९२० × १०८० चा पडदा म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, एकही कमी नाही की जास्त नाही. त्याला १३६६ × ७६८ चं चित्र दिलं, की प्रत्येक ठिपका आडवा आणि उभा सुमारे १.४ ठिपक्यांवर पसरावा लागतो. अर्धामुर्धा ठिपका काही पेटवता येत नाही, मग रंग शेजाऱ्यांत वाटला जातो. 'म'ची उभी काठी जवळून पाहा: मध्ये काळी आणि कडेला करडी दिसेल. डोळ्यांवर ताण येतो तो त्या करड्या कडेमुळे. म्हणून विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'रेकमेंडेड' लिहिलेलं रिझोल्यूशनच ठेवा आणि अक्षरं मोठी करायला तिथलाच 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करा.

दुसरी चूक पकडायला अवघड. एका मित्राने नवा मॉनिटर परत करायला काढला होता, कारण काळा रंग राखाडी दिसत होता आणि सगळ्या चित्रावर धुकं पसरल्यासारखं वाटत होतं. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट सगळं फिरवून झालं होतं. दोष मात्र पॅनेलमध्ये नव्हताच. एचडीएमआय केबल लावल्यावर ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्याला चित्र पाठवणारा कॉम्प्युटरचा भाग, कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतं. उजळपणा ० ते २५५ आकड्यांत मोजतात. टीव्हीच्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, कॉम्प्युटरच्या पद्धतीत ० आणि २५५ वर. कार्ड १६ पाठवतं, मॉनिटर तो १६ म्हणूनच दाखवतो आणि काळ्याचा राखाडी होतो. त्याचं कार्ड एनव्हिडिया कंपनीचं होतं; तिच्या कंट्रोल पॅनेलमध्ये 'आउटपुट डायनॅमिक रेंज' 'फुल' केली की धुकं गेलं. उलट गोंधळ असेल, तर गडद भागातले तपशील काळ्यात बुडतात. चित्राच्या कडा कापल्या जात असतील, तर तोही टीव्हीच्या सवयींचाच परिणाम. मॉनिटरच्या मेनूत ओव्हरस्कॅन, म्हणजे चित्र मोठं करून कडा बाहेर ढकलणारी सोय, बंद करा.

सिग्नल ठीक झाल्याशिवाय बाकीच्या बटणांना हात लावू नका. चुकीच्या सिग्नलवर जुळवलेले रंग नंतर पुन्हा जुळवावेच लागतात.

आता ब्राइटनेस. बहुतेक मॉनिटर कारखान्यातून भगभगीत येतात आणि आपण ते तसेच वापरत राहतो. एलसीडीवर हे बटण मागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट, कमीजास्त करतं. पडद्याशेजारी कोरा कागद धरा. पडद्यावरची पांढरी विंडो ट्यूबलाइटसारखी चमकत असेल तर कमी करा, कागदापेक्षा मळकट दिसत असेल तर वाढवा. खोलीतला उजेड बदलला की हेही बदलायला हवं.

कॉन्ट्रास्ट शक्यतो मूळ आकड्यावरच असू द्या. तो जास्त झाला, की फिकट छटा पांढऱ्यात विरून जातात. तपासायला पेंटमध्ये पांढऱ्या पानावर २४५, २५० आणि २५३ या आकड्यांचे (लाल, हिरवा, निळा तिन्ही तेवढेच) तीन करडे चौकोन काढा. शेवटचा जेमतेम का होईना, दिसला पाहिजे.

शार्पनेसबद्दल एक गैरसमज आहे: जितका जास्त तितकं चित्र रेखीव. खरं तर हे बटण अक्षरांभोवती खोटी पांढरी कड काढतं. पांढऱ्या पानावर ती लक्षातही येत नाही, म्हणून करड्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं लिहून बघा. शार्पनेस वाढवा, कड दिसू लागली की ती जाईपर्यंत मागे या. कुठल्या मॉनिटरवर हा बिंदू शून्यावर सापडतो, तर कुठल्या ५० वर.

रंगांसाठी 'व्हिव्हिड' (रंग भडक करणारा मोड) आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट (चित्रानुसार आपोआप बदलणारा) बंद करा आणि कलर टेंपरेचर, म्हणजे पांढऱ्यातली निळसर-पिवळसर झाक, ६५०० केल्व्हिनच्या आसपास ठेवा. निळसर पडद्याची सवय असेल तर पहिल्यांदा सगळं पिवळट वाटेल. लगेच मागे फिरू नका, एकदोन दिवस द्या. आणि रंग पारखताना नाइट लाइट, म्हणजे रात्री पडदा पिवळसर करणारी विंडोजची सोय, बंद आहे ना, ते बघा; ते चालू ठेवून जुळवलेले रंग दिवसा चुकणारच.

१४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलू शकणारा मॉनिटर कित्येकदा ६० वरच चालत असतो. विंडोजचं डिस्प्ले सेटिंग एकदा उघडून बघा. जुनी व्हीजीए केबल असेल आणि अक्षरं थरथरत असतील, तर मेनूतलं 'ऑटो ॲडजस्ट' दाबा.

एवढं करूनही अंधाऱ्या खोलीत काळ्या पडद्याच्या कोपऱ्यात उजेड दिसला, तर डोकं बाजूला हलवून बघा. उजेड सरकला किंवा कमी झाला, तर तो आयपीएस पॅनेलचा (एलसीडी पडद्याचा एक प्रकार) स्वभाव आहे. थोडं मागे बसलं आणि ब्राइटनेस उतरवला की तो कमी जाणवतो. जागचा हललाच नाही, तर बॅकलाइट कडेतून झिरपतोय. त्यावर कुठल्याही सेटिंगचा इलाज नाही, वॉरंटीची मुदत बघा.