हाताने होणाऱ्या यंत्रसफाईची कार्यपद्धती कशी तयार करावी

गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यात एकाच ग्रॅन्युलेटरमध्ये (पावडरीचे दाणे बनवणारे यंत्र), एकाच मल्टिमिलवर (दाणे बारीक करणारी गिरणी) आणि एकाच कॉम्प्रेशन मशीनवर (गोळ्या दाबून बनवणारे यंत्र) आज एक औषध तर परवा दुसरे चालते. आधीच्या औषधाचा अंश पुढच्या बॅचमध्ये जाऊ नये, ही सारी जबाबदारी मधल्या सफाईवर असते. जिथे धुण्याची यंत्रणा स्वयंचलित असते तिथे पाण्याचा दाब, वेळ आणि तापमान दरवेळी सारखे राहते. हाताने होणारी सफाई मात्र माणसागणिक बदलते, आणि एकाच माणसाची सफाईसुद्धा शिफ्टच्या सुरुवातीला एक आणि शेवटी दुसरी असू शकते. युरोपीय जीएमपीच्या (औषधांच्या चांगल्या उत्पादन पद्धतींच्या नियमावलीच्या) परिशिष्ट 15 मध्ये म्हणूनच हाताने केलेल्या सफाईची परिणामकारकता समर्थनीय अंतराने पुन्हा पुन्हा पडताळावी, असे वेगळे नमूद केलेले आहे. भारतात डिसेंबर 2023 मध्ये अधिसूचित झालेल्या सुधारित शेड्यूल एम या औषध उत्पादनाच्या नियमांनंतर लहान कारखान्यांनाही हा विषय बाजूला ठेवता येत नाही.

कार्यपद्धती टेबलावर बसून लिहू नये. यंत्र पूर्ण सुटे करून त्याच्याजवळ उभे राहावे आणि पावडर कुठे अडकते ते पाहावे. रॅपिड मिक्सर ग्रॅन्युलेटरमध्ये इम्पेलरच्या (मिश्रण ढवळणाऱ्या मोठ्या पात्याच्या) खालची बाजू, चॉपरच्या (गुठळ्या फोडणाऱ्या लहान पात्याच्या) शाफ्टचे सील आणि डिस्चार्ज व्हॉल्व्हचे गॅस्केट, मल्टिमिलमध्ये चाळणीची कड आणि पात्यांचे सांधे, कॉम्प्रेशन मशीनमध्ये टरेटमधील (फिरत्या चकतीतील) पंचांची भोके आणि साच्यांत पावडर भरणारी फीड फ्रेम ही नेहमीची अवघड ठिकाणे. त्यानंतर निरनिराळ्या शिफ्टमधील ऑपरेटर तेच यंत्र कसे धुतात ते मध्ये न बोलता पाहावे. कोणते गॅस्केट काढल्याशिवाय मागचा थर निघत नाही, हे त्यांना क्यूएपेक्षा (गुणवत्ता विभागापेक्षा) आधी ठाऊक असते. एसओपीत, म्हणजे लेखी कार्यपद्धतीत, मात्र ते क्वचितच उतरलेले असते.

सफाईचा परिणाम चार गोष्टींवर ठरतो: वेळ, घासण्याची क्रिया, डिटर्जंटची तीव्रता आणि तापमान. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी 1959 मध्ये मांडलेली ही चौकट अजूनही उपयोगी पडते. ‘यंत्र व्यवस्थित धुवावे’ या वाक्यात या चारांपैकी एकही नसल्यामुळे ते कार्यपद्धतीत ठेवू नये. डिटर्जंट किती ग्रॅम वजन करून किती लिटर पाण्यात घालायचा, द्रावण पृष्ठभागावर किमान किती मिनिटे राहू द्यायचे, कोणता ब्रश घ्यायचा, वरून खाली कोणत्या क्रमाने किती वेळा घासायचे आणि शेवटी प्युरिफाइड वॉटरने (शुद्ध केलेल्या पाण्याने) किती वेळ धुवायचे, हे सारे आकड्यांत असावे. डिटर्जंट बाटलीच्या झाकणाने मोजण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. ती प्रशिक्षणाने जात नाही, म्हणून वजनकाटा धुण्याच्या खोलीतच ठेवलेला बरा.

तापमानाच्या बाबतीत थोडे थांबून विचार करावा, कारण जास्त गरम पाणी म्हणजे जास्त चांगली सफाई, असा समज सर्रास असतो. बहुतेक गोळ्यांमध्ये स्टार्च असतो, आणि मक्याचा स्टार्च साधारण 62 ते 72 अंश सेल्सिअसला फुगून त्याची खळ होते. कोरडी पावडर न काढता आणि थंड पाण्याचा पहिला हात न देता थेट गरम पाणी मारले, तर सहज निघणारा थर चिकट होऊन स्टीलला बसतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी व्हॅक्यूमने कोरडी पावडर काढणे, मग सुटे भाग वेगळे करून मोजणे, मग साध्या तापमानाच्या पाण्याने धुणे आणि त्यानंतरच गरम डिटर्जंट. कॉम्प्रेस्ड हवेने पावडर उडवू नये. ती खोलीभर पसरते.

बॅच संपल्यापासून सफाई सुरू होईपर्यंत आणि सफाईनंतर यंत्र पुन्हा वापरेपर्यंत जास्तीत जास्त किती वेळ चालेल, हे दोन्ही अवधी ठरवून पडताळलेले असावेत. पहिला लांबला तर थर वाळतो. दुसऱ्यात, भाग नीट कोरडे झाले नसतील तर, जंतू वाढतात.

आता सफाईनंतर यंत्रावर किती अंश राहिलेला चालेल, त्या मर्यादेचा हिशेब. समजा, आधीच्या औषधाची आरोग्यदृष्ट्या स्वीकार्य मात्रा दिवसाला 10 मायक्रोग्रॅम आहे, पुढच्या औषधाची सर्वांत लहान बॅच 100 किलो आहे आणि त्याचा रुग्ण दिवसाला जास्तीत जास्त 1 ग्रॅम गोळी घेतो. त्या बॅचमध्ये एक लाख दैनिक मात्रा होतात, म्हणजे एकूण 1 ग्रॅम अंश चालू शकतो. सामाईक यंत्रांचे क्षेत्रफळ दोन लाख चौरस सेंटिमीटर असेल, तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला 5 मायक्रोग्रॅम ही मर्यादा निघते आणि 10 बाय 10 सेंटिमीटर जागा पुसून घेतलेल्या स्वॅबवर (नमुना घेण्याच्या बोळ्यावर) ती 500 मायक्रोग्रॅम होते. स्वॅब सगळा अंश उचलत नाही, त्यामुळे प्रयोगशाळेत आधी मिळवलेल्या रिकव्हरीने (स्वॅब किती टक्के अंश उचलतो त्या प्रमाणाने) निकाल दुरुस्त करावा. अनेक पदार्थ साधारण याच पातळीला डोळ्यांना दिसू लागतात, पण ते पदार्थाच्या रंगावर, प्रकाशावर आणि पाहणाऱ्यावर अवलंबून असते. म्हणून डोळ्यांनी केलेली तपासणी अनिवार्य असली तरी एकटी पुरेशी नसते. ती किती प्रकाशात, किती अंतरावरून आणि कोणत्या कोनातून करायची, हेही लिहावे. स्वॅबची ठिकाणे सुरुवातीला पाहिलेल्या अवघड जागांतून निवडावीत, सपाट आणि गुळगुळीत भिंतीवरून नव्हे.

पडताळणीच्या फेऱ्यांसाठी सर्वांत अनुभवी ऑपरेटरला उभे करण्याचा मोह आवरावा. त्याच्या हातून येणारा निकाल त्याच्या कौशल्याचा असतो, कार्यपद्धतीचा नव्हे. वेगवेगळे ऑपरेटर, त्यांत एखादा नुकताच पात्र ठरलेला, रात्रपाळी आणि सफाईपूर्व अवधीची कमाल मर्यादा, या साऱ्यांचा त्यात समावेश असावा. प्रशिक्षणासाठी रायबोफ्लेव्हिनचे द्रावण फवारून वाळू द्यावे, यंत्र धुवायला सांगावे आणि मग अतिनील दिव्याखाली उरलेली पिवळट-हिरवी चमक ऑपरेटरला स्वतःला पाहू द्यावी. तारापूर, वाळूज किंवा वेर्णा येथील कारखान्यांत एकाच पाळीत मराठी, हिंदी, कोंकणी बोलणारे कामगार असतात. तिथे इंग्रजी एसओपीला प्रत्येक सुट्या भागाच्या छायाचित्राची जोड द्यावी.

नोंदपत्रकात केवळ बरोबरच्या खुणा नकोत. पाण्याचे प्रत्यक्ष तापमान, डिटर्जंटचे वजन आणि सुरुवातीची व शेवटची वेळ यांसाठी रिकामे रकाने ठेवावेत आणि ते त्या त्या क्षणीच भरले जावेत. डिटर्जंट किंवा गॅस्केटचे साहित्य बदलले किंवा नवे उत्पादन आले की बदल नियंत्रणाद्वारे (बदल नोंदवून मंजूर करण्याच्या पद्धतीने) मर्यादा आणि पद्धत दोन्ही पुन्हा तपासावीत. स्वॅब अपयशी ठरल्यास ‘ऑपरेटरला पुन्हा प्रशिक्षण दिले’ एवढ्यावर चौकशी बंद करू नये. तोच भाग दुसऱ्या ऑपरेटरकडून त्याच लेखी पायऱ्यांनी धुऊन घ्यावा, आणि अंश पुन्हा आढळला तर पायरीच दुरुस्त करून पडताळणी नव्याने करावी.