बगळ्याच्या चोचीचा रंग पाहून फसू नका

भिगवणला उजनीच्या काठावर मोठा आणि मध्यम बगळा शेजारी उभे असले तर उंचीवरून लगेच कळतं. एकटाच दिसला की पंचाईत. चोचीच्या रंगावर तर मुळीच जाऊ नका. मोठ्या बगळ्याची एरवी पिवळी असणारी चोच विणीच्या हंगामात काळी पडते. काळी चोच लहान बगळ्याची असते म्हणून मी अशा एकाला खुशाल 'लहान बगळा' म्हणून वहीत लिहून आलो होतो! त्यापेक्षा दुर्बीण थेट तोंडावर रोखा. जिवणीची रेघ डोळ्याच्याही मागे गेली असेल तर मोठा, डोळ्याखालीच थांबली तर मध्यम. लहान बगळ्याचे पाय काळे आणि पंजे पिवळेधमक. फक्त तो चिखलात उभा असेल तर उडेपर्यंत वाट बघावी लागते.