अडलेल्या जागेवरून उठू नका : एकाग्र विचारातील चुका आणि त्यांवरील उपाय

सांगली-साताऱ्याच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले-मुली दिवसदिवस बसून असतात, आणि तरीही त्यांपैकी अनेकांची तक्रार एकच असते : बसणे होते, पण डोक्यात काही उतरत नाही. हीच तक्रार शिक्षक, वकील आणि लेखापालही करतात. इच्छाशक्ती कमी पडते असे समजून माणूस स्वतःलाच बोल लावत राहतो. माझ्या मते बहुतेक वेळा चूक कामाच्या मांडणीत असते, आणि म्हणूनच ती दुरुस्त करता येते.

सर्वांत साधी चूक म्हणजे फोन सायलेंट करून टेबलावर पालथा ठेवणे. अमेरिकेतील एका अभ्यासात, जो 2017 साली प्रसिद्ध झाला, फोन टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा तो दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांनी स्मरण आणि तर्काच्या चाचण्या अधिक चांगल्या सोडवल्या. पुढील काही प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही, तेव्हा त्याचा बाऊ करू नये. परंतु फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला पैसा लागत नाही आणि हात आपोआप तिकडे जाण्याची सोय मात्र बंद होते.

दुसरी चूक ‘एवढा एकच मेसेज बघतो’ ही. सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 साली दाखवून दिले की, अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा काही भाग गुंतून राहतो आणि पुढच्या कामाला तेवढे लक्ष कमी मिळते. म्हणजे मेसेज पाहायला लागलेल्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब तेवढ्यावर संपत नाही. काम मध्येच सोडावेच लागले, तर उठण्यापूर्वी कोठे थांबलो आणि परतल्यावर पहिली पायरी कोणती, हे दोन ओळींत लिहून ठेवावे.

तिसरी चूक अधिक खोलवरची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही : नेमका प्रश्न न ठरवता विचाराला बसणे. ‘आज पुराचा विषय करतो’ असे म्हणून बसलेल्या विद्यार्थ्याला विचार करण्यासाठी काही हातीच लागत नाही. तो वाचतो, अधोरेखित करतो आणि दमतो. आपल्याकडे 2005, 2019 आणि 2021 चे महापूर लोकांनी प्रत्यक्ष भोगले आहेत, आणि दर पावसाळ्यात कृष्णा नदीवर सांगलीच्या खालच्या बाजूला, कर्नाटकात असलेल्या आलमट्टी धरणाविषयी ‘आलमट्टीमुळेच सांगली बुडते’ आणि ‘आलमट्टीचा काही संबंध नाही’ अशा दोन्ही बाजूंचे संदेश फिरतात. ते पुढे पाठवायला क्षणभर पुरतो. त्याऐवजी वहीवर प्रश्न लिहावा : आलमट्टी धरण पूर्ण भरलेले असताना त्याच्या पाण्याचा फुगवटा (धरणामागे नदीत तुंबत जाणारे पाणी) सांगलीपर्यंतच्या नदीच्या उतारावर किती परिणाम करू शकतो? एवढे लिहिताच कोणती माहिती लागेल हे दिसू लागते : कोयनेचा विसर्ग, हरिपूरच्या संगमाला वारणेतून येणारे पाणी, खोऱ्यात पडलेला पाऊस आणि धरणाची पातळी.

येथेच चौथी चूक घडते, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट ही धोका पातळी. आलमट्टीची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची उंची, 519.60 मीटर सांगितली जाते, पण ती समुद्रसपाटीपासून. फुटांचे मीटर केले तरी या दोन आकड्यांची तुलना होत नाही, कारण पुलाजवळच्या मोजपट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे हे हाती नसते. विचार करणारा माणूस येथे अडतो, त्याला अस्वस्थ वाटते, आणि नेमक्या याच क्षणी हात फोनकडे जातो. विषय कंटाळवाणा आहे असे त्याला वाटते. वास्तविक खरा विचार नुकताच सुरू झालेला असतो. जो येथून उठतो तो प्रत्येक वेळी पहिल्या पायरीवरच परत येतो आणि विषय अवघड आहे असा समज करून घेतो.

उपाय असा की, अडल्यावर किमान दहा मिनिटे जागा सोडू नये आणि त्या वेळात फक्त एक वाक्य पूर्ण करावे : ‘मी येथे अडलो आहे, कारण मला अमुक माहीत नाही.’ पुष्कळदा वाक्य लिहिता लिहिताच वाट सापडते. न सापडल्यास प्रश्न इतका नेमका झालेला असतो की, तो घेऊन जाणकाराकडे जाता येते.

ही बैठक अंगवळणी पाडण्यासाठी सांगलीकरांना दूर जायला नको. भाऊसाहेब पडसलगीकरांनी या शहरात बुद्धिबळाची मोठी परंपरा उभी केली. बुद्धिबळाच्या स्पर्धेत खेळाडूला जवळ फोन बाळगता येत नाही, हात लावलेले मोहरे हलवावेच लागते, आणि दीर्घ डावात प्रत्येक चाल लिहून ठेवावी लागते. आठवड्यातून एक असा डाव समोरासमोर बसून खेळणाऱ्या मुलाला अडलेल्या जागी थांबण्याची सवय होते, आणि लिहिलेल्या चालींवरून आपला विचार कोठे चुकला हेही नंतर तपासता येते.

एवढे करूनही मन ठरत नसेल, तर आधी झोप पुरेशी होते का हे पाहावे, आणि सुरुवातीला रोज अर्ध्या तासाचीच एक बैठक ठरवावी. पहिल्याच दिवशी चार तासांचा संकल्प केलेल्या बैठका सहसा आठवडाभरही टिकत नाहीत.