बोस्टनच्या मॉडेलला मण्यार ठाऊक नसतो: मिरज-सांगलीच्या आयसीयूत एआय आणि व्हीआरचा अभ्यास कसा बसवावा

पावसाळा सुरू झाला की मिरजेच्या आयसीयूंत असा पेशंट येतोच: रात्री जमिनीवर झोपलेला, पहाटे पोटदुखीनं उठलेला, दुपारपर्यंत व्हेंटिलेटरवर. मण्यार चावलेला. पापण्या मिटलेल्या, बाहुल्या उजेडाला हलत नाहीत, शुद्ध मोजणारा ग्लासगो स्कोर ३, म्हणजे सर्वांत कमी. अमेरिकेतल्या डेटावर शिकलेलं एआय मॉडेल (पेशंटच्या आकड्यांवरून धोका सांगणारा प्रोग्राम) हे आकडे पाहून त्याची आशा सोडून देतं. प्रतिविष आणि श्वासाचा आधार वेळेत मिळाला तर हाच माणूस काही दिवसांत आपल्या पायांनी घरी जातो. शेजारच्या खाटेवर द्राक्षबागेतलं कीटकनाशक पोटात गेलेला कुणी असतो. अ‍ॅट्रोपिन (विषावरचं औषध) चालू, म्हणून नाडी १३०, अंग तापलेलं, असंबद्ध बडबड. मॉडेलला तो सेप्सिस (अंगभर भिनलेला संसर्ग) वाटतो, आणि व्हीआरच्या (डोळ्यांना चष्मा लावून शांत दृश्य दाखवण्याच्या) अभ्यासात तो डिलिरियमच्या (आजारपणातल्या गोंधळलेल्या अवस्थेच्या) रकान्यात जाऊन बसतो.

तेव्हा पहिल्या वर्षी नवं मॉडेल घडवायची हौस नको. १०-१२ खाटा, कागदी चार्ट, दोन निवासी डॉक्टर आणि चिकाटीच्या एक-दोन सिस्टर एवढ्या बळावर दोन कामं नीट होतात: तयार मॉडेल इथं चालतं का याची पडताळणी, आणि व्हीआरची एक छोटी चाचणी. दोन्हींचे प्रोटोकॉल वेगळे ठेवा. एकाच पेशंटला मॉडेलचा इशाराही लागला आणि चष्माही, तर फरक कशानं पडला ते सांगता येत नाही.

परवानग्या

संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे दोन अर्ज करा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि खास एआयसाठी २०२३ साली आलेली तत्त्वं, दोन्ही समोर ठेवून लिहा. जुन्या चार्टवरच्या अभ्यासाला संमतीतून सूट मागता येते. व्हीआरला लेखी संमतीच हवी. संमतीपत्र मराठीबरोबर कन्नडमध्येही छापा. अथणी-रायबागकडचे पेशंट मिरजेला येतात, आणि ‘मराठी समजतं’ म्हणणारे नातेवाईक वैद्यकीय मराठीत अडखळतात. व्हीआर चाचणीची सीटीआरआयवर (वैद्यकीय चाचण्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी करा. मागाहून नोंदणी १ एप्रिल २०१८ पासून बंद आहे.

आधी घड्याळं जुळवा

मॉनिटर, व्हेंटिलेटर, रक्तवायू तपासणीचं मशीन, लॅब आणि भिंतीवरचं घड्याळ, पाच ठिकाणी पाच वेळा असतात. वीज गेली आणि मशीनची आतली बॅटरी मेलेली असली तर तारीखच मागे जाते. दर सोमवारी सकाळी सगळ्या यंत्रांची वेळ मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक वहीत लिहा, मगच दुरुस्त करा. फरक न लिहिता नुसती वेळ दुरुस्त केली तर आधीच्या आठवड्याचा डेटा सुधारता येत नाही.

लॅबच्या प्रत्येक रिपोर्टला दोन वेळा लावा: नमुना घेतल्याची आणि निकाल हाती आल्याची. मॉडेलला निकालाचीच वेळ द्या. नमुन्याची वेळ दिली तर खाटेपाशी कुणालाच माहीत नसलेला आकडा मॉडेलला आधीच कळलेला असतो, आणि कागदावरची अचूकता फुगते. हीच फसवणूक ‘ब्लड कल्चर पाठवलं’ किंवा ‘अँटिबायोटिक सुरू’ हे रकाने घातले की होते. मॉडेल तेव्हा आजार ओळखत नसतं, डॉक्टरचा संशय ओळखत असतं.

एककं एकदाच तपासा, पण तपासाच. आपल्याकडे क्रिएटिनिन मिलिग्रॅममध्ये येतं, युरोपातल्या मॉडेलला मायक्रोमोल लागतात: १ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे ८८.४ मायक्रोमोल प्रति लिटर. ऑक्सिजनचा दाब किलोपास्कलमध्ये मागितला असेल तर पाऱ्याच्या मिलिमीटरला ७.५ नं भागा. तापमान फॅरनहाइटमध्ये असतं, आणि ‘अफेब्राइल’ (ताप नाही) हा शब्द म्हणजे आकडा नव्हे.

सगळ्यात कच्ची नोंद श्वासाची. चार्टभर १८, २०, १८, २० दिसलं तर ते मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे. यात सिस्टरांना दोष देऊ नका. एका सिस्टरकडे चार खाटा असल्या की कोण मिनिटभर छाती पाहत बसणार? आठवड्यातून २० वेळा कुठलाही पेशंट निवडून दुसऱ्या माणसानं पूर्ण ६० सेकंद श्वास मोजावेत आणि चार्टशी ताडावेत. फरक सतत ४ च्या वर जात असेल तर तो रकाना मॉडेलमध्ये वापरण्याच्या लायकीचा नाही.

बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचंही तसंच. सावळ्या त्वचेवर तो प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. २०२० साली अमेरिकेतल्या पेशंटांवरच्या अभ्यासात हे ठळकपणे पुढे आलं. शक्य तिथे धमनीतल्या रक्ताच्या तपासणीशी जोडी लावून ठेवा.

नावं काढली म्हणजे ओळख पुसली असं नाही. नाव, पत्ता, फोन, आयपीडी (भरतीचा) नंबर यांच्याबरोबर एमएलसी (पोलिसांना कळवलेल्या केसचा) नंबरही काढा, कारण विषबाधेच्या केसमागे पोलिसांचा कागद असतो. गावही काढा: जत तालुक्यातल्या एखाद्या वाडीत जूनमध्ये मण्यार चावलेला माणूस एकच असतो. प्रत्येक पेशंटच्या सगळ्या तारखा एकाच यादृच्छिक दिवससंख्येनं सरकवा, म्हणजे दोन घटनांमधलं अंतर तसंच राहतं. मूळ यादी एकाच व्यक्तीकडे, कुलपात. चार्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचे नाहीत, ‘आपल्याच ग्रुपवर’ असले तरी. डेटा भरण्यासाठी रेडकॅप हे सॉफ्टवेअर चांगलं. ना-नफा संस्थांना ते मोफत मिळतं.

मॉडेलची पडताळणी

सरावासाठी मिमिक-४ वापरा. बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस रुग्णालयाचा हा डेटा फिजिओनेटवर आहे. ऑनलाइन प्रशिक्षण आणि करारनामा पूर्ण केला की मोफत मिळतो. तक्त्यातल्या आकड्यांच्या कामाला महागडं ग्राफिक कार्ड लागत नाही, १६ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरे.

इथल्या पडताळणीला किमान १०० घटना (मॉडेल ज्याचं भाकीत करतं ते, इथं मृत्यू) हव्यात. समजा महिन्याला ४५ भरती आणि पाचांतला एक मृत्यू, तर महिन्याला ९ घटना, म्हणजे जवळजवळ वर्ष. तीन महिन्यांत ‘९५ टक्के अचूक’ म्हणणाऱ्यानं घटना मोजलेल्या नसतात.

आणि मृत्यू तरी कुठला धरणार? इथं घोडं पेंड खातं ते डामावर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध घेतलेल्या डिस्चार्जवर. पैसे संपले, आशा संपली, नातेवाईक सही करून पेशंट घरी घेऊन गेले. कागदावर तो ‘डिस्चार्ज’, आणि मॉडेलच्या लेखी वाचलेला. प्रत्येक डामा वेगळा नोंदवा, भरतीच्या वेळीच दोन फोन नंबर आणि फोनची परवानगी घ्या, आणि २८ व्या दिवशी फोन करा. हा एक फोन मॉडेलच्या निवडीपेक्षा जास्त मोलाचा आहे.

तुलनेला मृत्यूचा धोका सांगणारा अपाची-२ ठेवा. १९८५ पासूनचा हा स्कोर पहिल्या २४ तासांतल्या १२ शारीरिक मोजमापांवर, वयावर आणि जुन्या आजारांवर चालतो. मॉडेल याच्या पुढे जात नसेल तर त्याचा हट्ट सोडा. नुसता आरओसी वक्राखालचा भाग (जास्त आणि कमी जोखमीचे पेशंट वेगळे ओळखण्याचं माप: ०.५ म्हणजे नाणेफेक, १ म्हणजे बिनचूक) पाहू नका. पेशंटांचे जोखमीनुसार दहा गट पाडा आणि प्रत्येक गटात भाकीत किती, प्रत्यक्ष किती ते मांडा. सगळ्या गटांत भाकीत एकाच दिशेनं जास्त किंवा कमी असेल तर आधी मॉडेलच्या सूत्रातला फक्त स्थिरांक (सगळ्यांना सारखा मिळवलेला आकडा) सरकवा, पुन्हा शिकवायच्या भानगडीत पडू नका. सर्पदंश आणि विषबाधा यांचे निकाल वेगळे छापा. एकत्र सरासरीत ते बुडतात.

इशाऱ्यांचा हिशोब पाटीवर करा. १००० पाळ्यांत (शिफ्टमध्ये) ५० खऱ्या घटना. मॉडेल ८० टक्के पकडतं, म्हणजे ४०. उरलेल्या ९५० पैकी १० टक्के चुकीचे, म्हणजे ९५. एकूण १३५ इशाऱ्यांत खरे ४०. तीनांतले दोन खोटे निघाले की आठवड्याभरात कुणी पाहत नाही. अमेरिकेत शेकडो रुग्णालयांत बसवलेलं एक सेप्सिस मॉडेल २०२१ मध्ये बाहेरच्यांनी तपासलं तेव्हा आरओसीचा आकडा ०.६३ निघाला, आणि दोन-तृतीयांश सेप्सिस त्यानं पकडलेच नव्हते. म्हणून पहिले तीन महिने मॉडेल मुकं चालवा: आकडे साठतील, पण उपचार करणाऱ्यांना दिसणार नाहीत.

व्हीआर: चष्मा कुणाला, कसा

घ्यायचे पेशंट: रास स्कोर (गुंगी आणि अस्वस्थता मोजणारा) -१ ते +१, रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा डोस वाढत नसलेले. वगळायचे: फिट्स येणारे, डोकं-चेहऱ्याला इजा, मेंदूतला दाब वाढलेला, डोळ्याचा संसर्ग, थुंकीतून पसरणारा टीबी. नाक-तोंड झाकणारा एनआयव्ही (घशात नळी न घालता श्वासाचा आधार देणारा) मास्क असेल तर चष्मा बसत नाही, आणि दडपून बसवला तर मास्क गळतो. अ‍ॅट्रोपिन चालू असलेले एक तर वगळा किंवा त्यांचा गट वेगळा करा. हात बांधलेल्या पेशंटला चष्मा कधीच लावू नका: घाबरला तर तो काढणार कसा?

चित्रफीत परदेशी समुद्रकिनाऱ्याची नको. हरिपूरचा संगम, दंडोबाचा डोंगर, सागरेश्वरचं रान इथं जवळच आहे. ३६० अंशांचा कॅमेरा तिकाटण्यावर, जमिनीपासून १.२ मीटरवर, अजिबात न हलवता, १० मिनिटं. कॅमेरा हलला की डोकं स्थिर आणि दृश्य चालतं, मग मळमळतं. माइकवर वाऱ्याचं कव्हर घाला. नदी उन्हाळ्यातली घ्या, आणि तीही विचारून दाखवा. २०१९ आणि २०२१ चा महापूर घरात अनुभवलेल्याला चहूबाजूंनी पाणी दाखवणं म्हणजे उपचार नव्हे.

खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश. चष्मा साधारण अर्ध्या किलोचा असतो, त्यामुळे मानेखाली दुमडलेला टॉवेल द्या. पट्टा नळीच्या फीतीवरून किंवा मानेतल्या सेंट्रल लाइनवरून (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीवरून) जाऊ देऊ नका. पेशंट रेलून असल्यानं क्षितिज छतावर जातं. चित्रफीत सुरू झाल्यावर दृश्य पुन्हा मध्यावर आणा, आणि तिरपं करता येईल असा प्लेअर निवडा. हे विसरणं ही सहज होणारी चूक. पहिलं सत्र ५ मिनिटं, पुढची १०, सकाळी ११ आणि दुपारी ४ ला. सिस्टर शेजारीच. नाडी किंवा श्वास सुरुवातीपेक्षा २० टक्के वाढला, ऑक्सिजन ९० च्या खाली गेला, मळमळ झाली किंवा बोट वर केलं की लगेच थांबा.

तुलनेच्या गटाला तेवढीच मिनिटं, तीच सिस्टर, फक्त इअरफोनवर तोच आवाज. नाहीतर फरक चष्म्यामुळे की कुणीतरी १० मिनिटं शेजारी बसलं म्हणून, ते कळत नाही. डिलिरियमसाठी कॅम-आयसीयू ही खाटेपाशी करायची तपासणी दिवसातून दोनदा, गट माहीत नसलेल्या व्यक्तीकडून. त्याचं भाषांतर वॉर्डातल्या वॉर्डात करू नका. तपासून घेतलेली आवृत्तीच वापरा.

प्रत्येक पेशंटनंतर चेहऱ्याचं कापडी आवरण फेकून द्या, सिलिकॉनचं कव्हर निर्जंतुक पुसणीनं पुसा. भिंगांना अल्कोहोल लावू नका, कोरडं मऊ फडकंच. चार्जिंग ऑक्सिजनच्या जोडणीपासून लांब, बाहेरच्या खोलीत. खिडकीतलं ऊन भिंगातून आतल्या पडद्यावर पडलं तर पडदा कायमचा जळतो. मावशी चष्मा उचलून खिडकीत ठेवतात, त्यांना हे आधी सांगा. आणि मध्येच थांबवलेलं प्रत्येक सत्र कारणासकट टेबलात ठेवा, ‘पेशंट नको म्हणाला’ हे कारणसुद्धा.