कुत्र्याचं वजन योग्य आहे का, हे घरच्या घरी कसं ओळखावं

कुत्रा लठ्ठ आहे की नाही, हे बहुतेक घरांत नुसतं बघून ठरवलं जातं, आणि तिथेच फसगत होते. रोज डोळ्यांसमोर असलेल्या कुत्र्यात हळूहळू होणारा बदल लक्षात येत नाही. अंगावर दाट केस असले तर विचारूच नका. केसांमुळे भरलेला दिसणारा कुत्रा आंघोळीला भिजला की निम्मा होतो, तर दुसऱ्या एखाद्याच्या केसांखाली चरबीचा थर साठत गेलेला असतो आणि पत्ता लागत नाही.

नुसत्या वजनकाट्यावरही भागत नाही. एकाच जातीच्या दोन कुत्र्यांच्या हाडापेरात एवढा फरक असतो की जातीच्या तक्त्यातला आकडा एकाला चपखल बसतो आणि दुसऱ्याला तीन-चार किलोंनी चुकतो. मिश्र जातीच्या कुत्र्याला तर तक्ताच नसतो. म्हणून काट्यावर काहीही आकडा आला, तरी पशुवैद्य कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून बघतातच. ही तपासणी घरी पाच मिनिटांत होते.

पहिली पायरी: बरगड्या

सगळ्यात जास्त भरवसा बरगड्यांवर ठेवा. बाकीच्या खुणा कुत्र्याच्या ठेवणीप्रमाणे बदलतात, बरगड्या सहसा दगा देत नाहीत.

कुत्र्याला उभं करा. बसलेल्या किंवा लोळणाऱ्या कुत्र्याची कातडी एका जागी गोळा होते आणि अंदाज चुकतो. त्याच्या मागे उभे राहा, दोन्ही अंगठे पाठीच्या कण्यावर टेकवा आणि बाकीची बोटं दोन्ही कुशींवर पसरा. पुढच्या पायांच्या मागून सुरुवात करून बोटं सावकाश मागेपुढे फिरवा. दाबू नका. जोर लावला तर लठ्ठातल्या लठ्ठ कुत्र्याच्याही बरगड्या लागतात, आणि ‘लागतायत की!’ म्हणून मालक निर्धास्त होतो.

हाताला काय लागलं पाहिजे, याचं माप आपल्याच हातात आहे. डावा हात पालथा, सपाट धरा आणि उजव्या हाताची बोटं त्याच्या मागच्या बाजूवरून, बोटं जिथे सुरू होतात त्या हाडांवरून फिरवा. हाडं सहज लागतात, पण वर पातळसं आवरण आहे. कुत्र्याच्या बरगड्या अशा लागल्या, तर वजन ठीक. आता मूठ वळा आणि तीच हाडं चाचपा. इतक्या टोकदार लागल्या, तर कुत्रा बारीक आहे. हात उलटा करा आणि बोटांच्या मुळाशी तळव्याचा मांसल भाग चाचपा. तिथे हाड शोधायला दाबावं लागतं. बरगड्या तशाच दाबून शोधाव्या लागत असतील, तर वजन वाढलेलं आहे.

दुसरी पायरी: वरून आणि बाजूने

कुत्रा उभा असतानाच वरून खाली बघा. छातीच्या मागे शरीर थोडं आत जाऊन कंबर दिसली पाहिजे. पाठ खांद्यापासून मागपर्यंत सरळ असेल किंवा मध्ये बाहेर फुगली असेल, तर चरबी आहे. केसाळ कुत्र्याची कंबर बघू नका, दोन्ही हातांनी चाचपा.

मग खाली बसून बाजूने बघा. छातीचा तळ संपला की पोटाची रेषा मागच्या पायांकडे वर चढत जायला हवी. ती आडवी गेली किंवा खाली ओघळली, तर वजन जास्त असण्याची शक्यता मोठी.

जाता जाता शेपटीचं मूळ आणि मान दाबून बघा. वजन बरंच वाढलं की तिथे चरबीच्या मऊ गाद्या जमतात.

तिसरी पायरी: गुण द्या

पशुवैद्य ‘बॉडी कंडिशन स्कोअर’ वापरतात. त्याची १ ते ९ अशी मोजपट्टी सर्वांत प्रचलित आहे. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ, आणि बहुतेक कुत्र्यांसाठी ४ ते ५ उत्तम. ६ ला बरगड्या लागतात पण आवरण जरा जाड असतं, कंबर असते पण ठसठशीत नसते. ७ ला बरगड्या शोधाव्या लागतात आणि कंबर जवळजवळ गेलेली असते. ८ आणि ९ ला शंकाच उरत नाही.

गल्लत होते ती ६ आणि ७ वर. अशा कुत्र्याला लोक लठ्ठ म्हणत नाहीत, ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतात. त्याचं कौतुक करण्याआधी अमेरिकेतला एक प्रयोग माहीत असावा. ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न आयुष्यभर दिलं गेलं. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान, म्हणजे ज्या वयापर्यंत निम्मे कुत्रे जगले ते वय, १३ वर्षं होतं, तर जास्त खाणाऱ्यांचं ११.२. सांधेदुखीच्या उपचारांची गरजही कमी खाणाऱ्यांना उशिरा पडली. जास्त खाणारे कुत्रे काही अतिलठ्ठ नव्हते, त्यांचा सरासरी गुण ७ च्या थोडा खालीच होता.

चौथी पायरी: अपवाद तपासा

ग्रेहाउंड, व्हिपेट, सलुकी या शिकारी जातींची ठेवणच सडपातळ. त्यांच्या मागच्या काही बरगड्या आणि कमरेची हाडं दिसली तर घाबरू नका. उलट बुलडॉग, पग यांचा बांधा मुळातच आडवा. त्यांच्यात वरून कंबर शोधत बसण्यापेक्षा बरगड्यांवर विसंबा.

लॅब्रॅडॉर सतत भुकेलेला असतो, यात लाडाइतकाच अनुवंशिकतेचाही हात आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकात बिघाड असतो आणि असे कुत्रे अन्नाच्या मागे जास्त लागतात. तेव्हा त्याच्या केविलवाण्या नजरेवरून भूक मोजू नका.

म्हाताऱ्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. वयाबरोबर स्नायू झडतात, त्यामुळे पोट सुटलेलं आणि पाठीचा कणा मात्र वर आलेला असं चित्र दिसू शकतं. अशा वेळी कणा, खांद्याची हाडं, कमरेची हाडं आणि डोळ्यांवरचा कपाळाचा भाग चाचपा. हाडं वर आली असतील, तर खाणं कमी करण्याआधी पशुवैद्याला दाखवा.

पोट मोठं दिसणं म्हणजे नेहमी चरबी नव्हे. पिल्लात जंत, मादीत गाभणपण, पोटात पाणी साठणं, कुशिंग नावाचा संप्रेरकांचा आजार, अशी कारणं असतात. आणि पोट एकाएकी टम्म फुगलं, कुत्रा ओकारी काढतोय पण काही पडत नाही, अस्वस्थ आहे, तर ती जीवघेणी अवस्था असू शकते. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत जठराला पीळ पडतो. तेव्हा मोजमाप सोडा आणि थेट दवाखाना गाठा.

पाचवी पायरी: वजन आणि हिशेब

आता काटा काढा. कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहा, मग एकट्याचं वजन करा आणि वजाबाकी करा. तीन-चार किलोंच्या कुत्र्यासाठी हा काटा ढोबळ पडतो. त्यासाठी तान्ह्या बाळाचा काटा किंवा दवाखान्यातला काटा बरा.

५ च्या वरचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० टक्के जास्त वजन. समजा कुत्रा २४ किलोंचा आहे आणि गुण ७. म्हणजे २० टक्के जास्त. इथे २४ मधून २० टक्के वजा करायचे नसतात, २४ ला १.२ ने भागायचं. उत्तर २० किलो. हा अंदाज आहे. वजन उतरत जाईल तसं पुन्हा बरगड्या चाचपून तो सुधारायचा.

वजन आठवड्याला १ ते २ टक्के उतरावं. आपल्या २४ किलोंच्या कुत्र्याला सुरुवातीला आठवड्याला पाव ते अर्धा किलो, म्हणजे चार किलोंना अंदाजे दोन ते चार महिने लागतील. नेहमीचं खाणं एकदम निम्म्यावर आणू नका. उष्मांकांबरोबर प्रथिनं आणि क्षारही कमी पडतात. किती द्यायचं आणि कोणतं द्यायचं, हे पशुवैद्याकडून ठरवून घ्या. नसबंदी झालेल्या कुत्र्याची गरज आधीपेक्षा कमी होते, म्हणून नसबंदी झाली असेल तर ते त्यांना आवर्जून सांगा. खाणं वाटीने न मोजता ग्रॅममध्ये मोजा, कारण वाटी कधी सपाट भरते, कधी शिगोशीग. ट्रीट दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांत बसवा, आणि तेवढं जेवणातून कमी करा.

दर दोन आठवड्यांनी त्याच काट्यावर वजन करून तारीख, वजन आणि गुण लिहून ठेवा. सगळं मोजून देऊनही महिनाभरात काटा हललाच नाही, तर थायरॉइडची तपासणी करायची का, हे पशुवैद्याला विचारा. मात्र त्याआधी घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून एकच प्रश्न विचारा: टेबलाखालून कोण काय देतंय? चौकशीत आजोबांना वगळू नका.